दोन्ही टोकांना मेण

१० जानेवारी

आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारून झालं असं धर. थेट कामाचं बोलतो. तुला तीनदा फोन केला, पण तो नेहमीप्रमाणे कपाटात चादरींखाली वाजत असणार. "बोलायचं असेल तर लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येतं" हे तुझं पालुपद पाठ आहे, म्हणून लिहितोय.

बातमी अशी की तुझा भाचा बागकाम करणार आहे. हस, हस. लहानपणी तुझ्या कुंडीतल्या मिरचीला "ती बारीक दिसते" म्हणून दूध घालणारा तोच हा.

झालंय काय, मी ज्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो त्या शिंपीणबाईंच्या मागच्या अंगणात एक गुलाब आहे. वेलीसारखा भिंतभर चढलेला, विटकरी रंगाची फुलं येतात म्हणे. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा. दोघी बहिणी, दोघींनी लग्न केलं नाही, दोघींनी मिळून आयुष्यभर शिवणाचं दुकान चालवलं. थोरली गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून या बाई दुकान सोडून कुठे म्हणजे कुठे जात नाहीत. कुणी बोलावलं तर "शिलाई पडलीय" म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्या गुलाबाशी त्यांचं उभं वैर. वाळत घातलेले कपडे त्याच्या काट्यांना अडकून फाटायचे, त्यावरून दोघींची रोज खडाजंगी व्हायची. त्यांनीच मला सांगितलं, "मी त्याला जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या कुठल्या गिऱ्हाइकालाही घातल्या नाहीत."

आता त्या भिंतीखालचं गटार खचलंय. महिनाअखेरीला भिंत पाडणार. गुलाबाचं खोड भिंतीच्या पायातच घुसलेलं आहे, ते काढता येण्यासारखं नाही. बाई म्हणाल्या, "जाऊ दे. ब्याद टळली." मी म्हटलं बरं. पण संध्याकाळी कामावरून आलो तर बाई अंगणात एकट्या उभ्या, आणि कापडाची कात्री घेऊन त्याची वाळकी पानं काढतायत. आत्या, त्या कात्रीला त्या मला हात लावू देत नाहीत. साधा कागदसुद्धा तिने कापत नाहीत. मला राहवलं नाही. मी वरूनच ओरडलो, "बाई, मी याच्या काड्या लावून देतो! एक नाही, वीस!"

त्यांनी वर बघितलं. "तुम्हाला येतं?"

"येतं," म्हटलं.

मला येत नाही, आत्या.

पण सोय चांगली झालीये. इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये पुढच्या रविवारी रोपांची अदलाबदल आहे. दारावर पाटी लागलीय, "एक रोप आणा, एक रोप न्या". मी म्हटलं, काड्या तिथे वाटू. एका घरातलं रोप मरू शकतं, वीस घरांतली वीस कशी मरतील? बाईंनाही ते पटलं. तर आता काड्या कशा कापायच्या, कशा लावायच्या ते लगेच कळव. मोबाइलवर बघितलं तर एक म्हणतो काडी बटाट्यात खोचा, दुसरा म्हणतो मधात बुडवा. मला तुझं हवं.

तुझा दातोबा

(हे नाव तूच ठेवलंस, आता लॅबमध्येही पसरलंय. कवळ्या बनवणाऱ्याला याहून बरं नाव मिळणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात.)


१९ जानेवारी

आत्या,

तुझं उत्तर नाही. रागावलीस की काय? की पोस्टाने घोळ घातला? पण आता काळजी करू नकोस, मी माझं निभावलं. निभावलं काय, गाजवलं!

तुझं उत्तर येईना म्हणून मी आठवत बसलो. लहानपणी तू मागच्या पायरीवर बसून गुलाबाच्या काड्या कापायचीस, पेन्सिलीएवढ्या. पानं सगळी काढून टाकायचीस. आणि मेणबत्ती वितळवून टोकांना मेण लावायचीस. हे मेणाचं मला स्वच्छ आठवतं, कारण खाली सांडलेल्या मेणाचे मी गोळे करायचो. म्हटलं, मेण? मेण तर आपला धंदा! लॅबमधलं गुलाबी मेण आणलं, ज्याने कवळीच्या हिरड्या घडवतो ते. स्पिरिटचा दिवा आणला. बाईंनी फांद्या तोडून दिल्या, मी काड्या केल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना असं सुबक मेण चढवलं की बघत राहावं. आपल्या कामात कुठे फट राहिली की सगळं वाया जातं, तेव्हा सवय. बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा." त्यांच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदा ऐकलं.

हॉलच्या दारात एक बाई, गळ्यात शिट्टी. शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त. सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणतात. माझ्या हातातला जुडगा बघून म्हणाल्या, "हे काय, मेणबत्त्या?" मी म्हटलं, गुलाब. "मग कुंडी कुठाय? माती कुठाय?" आत्या, सगळे लोक कुंड्या, पिशव्या, डबे घेऊन आलेले आणि मी सरपण घेऊन आल्यासारखा! त्यांनी शिट्टी फुंकली आणि मोठ्याने जाहीर केलं, "या गृहस्थांची पहिलीच वेळ आहे, त्यांना सांभाळून घ्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मग मी बाईंची गोष्ट सांगितली. भिंत, थोरली बहीण, शिव्या, सगळं. लोक गोळा झाले. बेकरीवाला म्हणाला, "मला एक द्या." टॅक्सीवाला म्हणाला, "मला दोन, एक सासूबाईंना." पाहता पाहता जुडगा संपला. आणि मेणाचं तर विचारूच नकोस. "हे गुलाबी कशाला?" मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत आहे, आतलं पाणी बाहेर जात नाही. झालं, लोक आपापल्या फांद्या घेऊन माझ्यापुढे रांगेत! दिवा बरोबर होताच. मी जास्वंदीला लावलं, कोलियसला लावलं, टॅक्सीवाल्याच्या मनीप्लांटला लावलं. शिट्टीबाई स्वतः रांगेत उभ्या होत्या.

तू नेहमी म्हणतेस ना, घरातून कामावर, कामावरून घरी, माणसांत जात नाहीस म्हणून? या गावात आल्यापासून बोललो नसेन एवढं त्या एका सकाळी बोललो. येताना कुणीतरी नेचा दिला, कुणीतरी पुदिना. सगळे रस्त्यात ओळख देतात आता. मला फार बरं वाटतंय, आत्या. खरंच.

तुझा दातोबा


३० जानेवारी

चि. दातोबा,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम वाचली. मी गावाला गेले होते.

(लेखनिकेची टीप: मी शेजारची. शाळेत शुद्धलेखन शिकवते, म्हणून काकूंनी मला लिहायला बसवलंय. काकू गावाला वगैरे गेल्या नव्हत्या. स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडलं, दवाखान्यात होत्या. तुम्हाला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून सांगितलेलं नाही.)

अरे गाढवा! अरे शहाण्या! दोन्ही टोकांना? मेण वरच्या टोकाला लावतात! वरच्या! खालचं टोक उघडं ठेवायचं, तिरकं कापायचं, त्यातून काडी पाणी पिते, तिथूनच मुळं धरते. तू तोंडच शिवून टाकलंस की तिचं! आणि वर लोकांच्या फांद्यांनाही? रांग लावून? माझं डोकं गरगरायला लागलंय.

(काकू खरंच लाल झाल्यात. पाणी दिलं.)

ताबडतोब सगळ्यांकडे जा. खालून बोटभर काप, मेणासकट. पेराच्या जरा खाली काप आणि पुन्हा मातीत खोच. जितके दिवस जातील तितकं वाईट. आणि मेलं नसेल तर नशीब समज.

भिंत पाडली का? ते आधी कळव.

आत्या

(मनगटाला प्लास्टर आहे, पण तब्येत ठणठणीत आहे. आजच दोघांशी भांडून झालं.)


५ फेब्रुवारी

आत्या,

आधी तुझं मनगट. मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस. स्टुलावर कशाला चढली होतीस? दारावरच्या तुझ्या त्या वेलाला बांधायला ना? मी येतो, निघतोच, असं मनात आलं होतं, पण ते पळून येणं झालं असतं, म्हणून नाही आलो.

भिंत पाडली. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीच. मशीनने गुलाब मुळासकट उचलला आणि मातीच्या ढिगात टाकून नेला. बाई दुकानाचं मागचं दार लावून बसल्या होत्या. आवाज थांबल्यावर बाहेर आल्या, मोकळी जागा बघितली आणि मला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही काड्या नेल्यात. नाहीतर आज मला काही सुचलं नसतं."

हे ऐकल्यावर दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. त्या काड्यांशिवाय आता त्या गुलाबाचं जगात काही उरलेलं नाही, आणि त्या काड्यांची तोंडं मी बंद केलीयेत.

बाई रोज विचारतात. जिन्यावरून उतरलो की मशीन थांबवतात. "फुटलं का कुणाकडे?" मी म्हणतो, "वेळ लागतो, बाई." त्या मान हलवतात, पुन्हा मशीन सुरू करतात. आता मी सकाळी चपला हातात घेऊन जिना उतरतो. चाळिशी आली आणि मी चपला हातात घेऊन उतरतोय!

लोकांकडेही गेलो नाही. बेकरीसमोरचा रस्ता सोडून लांबून जातो. परवा टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला तर मी दुकानात शिरून नको असलेला साबण घेतला. ज्यांनी रस्त्यात ओळख द्यायला नुकती सुरुवात केली त्यांना कसं सांगू की मी तुमची सगळी रोपं मारली? आणि त्याहून बाईंना काय सांगू? लॅबमध्ये एका म्हाताऱ्यांची कवळी करताना खालचे दात वर बसवले. डॉक्टरीणबाईंनी ती उलटी करून माझ्या हातात दिली.

काय करू? तूच सांग.

दातोबा


९ फेब्रुवारी

चि. दातोबा,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस झोप लागली नाही. त्या बाईंनी तुला खोलीतून काढलं तर सरळ इकडे निघून ये. तुझी खाट घातलेलीच आहे. पण आधी मी सांगते ते कर.

पहिल्यांदा लोकांकडे जाऊ नकोस. पहिल्यांदा बाईंकडे जा. मागून सारवासारव करून मग सांगशील तर ते त्यांना जास्त लागेल. त्यांचा गुलाब आहे, त्यांना आधी कळलं पाहिजे. रडायचं नाही, लांबण लावायची नाही. "चुकलो" म्हण आणि उभा राहा. मारतील तर मार खा.

दुसरं. काडी मेली की नाही हे बघायचं असेल तर नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं असेल तर जीव आहे. तपकिरी असेल तर गेली. खरवडून बघितल्याशिवाय मेली म्हणायचं नाही. तू न बघताच सगळ्यांना मूठमाती देऊन बसलायस.

माझ्या हाताची काळजी नको.

(प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. डाव्या हाताने भाजी चिरायला शिकल्यात, आणि माझ्या भाजी चिरण्याला नावं ठेवतायत. तुम्ही जा हो बाईंकडे. मी पण आता या गोष्टीत अडकलेय, मला शेवट कळला पाहिजे. — शेजारची)

आत्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

सांगितलं!

गेल्या गुरुवारी, चपला पायात घालून, जोरात जिना उतरलो. बाई शर्टाला काजं करत होत्या. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, चुकलो. मेण खाली लावायचं नव्हतं. मला काड्या लावता येत नाहीत, तेव्हाही येत नव्हत्या. सगळ्या गेल्या असतील."

त्यांनी हातातलं ते काज पुरं केलं. दोरा दातांनी तोडला. मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील, मी मनात बॅगही भरायला घेतली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "असतील म्हणजे? बघितलं नाहीत?"

मी म्हटलं, नाही.

"मग बघायला काय मुहूर्त काढायचाय? शर्ट उद्या. कात्री कुठली न्यायची तेवढं सांगा."

आणि आत्या, त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी. गेल्या वर्षापासून कुणाच्या घरी न गेलेल्या बाई माझ्यापुढे चार पावलं चालत शिट्टीबाईंच्या घरी! मी मागे.

शिट्टीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन आपली जास्वंदीची काडी आणली. पार काळी पडलेली. म्हणाल्या, "मला वाटलं मीच पाणी जास्त घातलं. कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं लोकांना शिकवतेय आणि माझीच मेली, कसं सांगणार?" मग त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. रविवारी सगळ्यांनी आपापली कुंडी, बरणी, डबा घेऊन हॉलमध्ये यावं. कारण विचारू नये.

रविवारी हॉलचा अगदी दवाखाना झाला होता. प्रत्येकाच्या मांडीवर एक आजारी झाड. मी टेबलापाशी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. शास्त्रीय पद्धत वगैरे काही नाही, मी कवळ्या बनवतो, मला झाडांतलं काही कळत नाही, तुमची रोपं माझ्यामुळे गेली. मग बेकरीवाला म्हणाला, "अहो, म्हणजे माझा हात वाईट नाही! घरी सगळे मलाच बोलत होते!" त्यावर एक आजी म्हणाल्या, "मी तर रोज त्याला सॉरी म्हणतेय." आत्या, जो तो स्वतःलाच दोष देत बसला होता! मी ज्यांच्यापासून तोंड चुकवत होतो, ते माझ्यापासून तोंड चुकवत होते. टॅक्सीवाला तर म्हणाला, हॉर्न वाजवून माफीच मागायची होती. हॉलभर असं हसू फुटलं की शिट्टी फुंकावी लागली.

मनीप्लांट मात्र बरणीत मस्त वाढला होता. खाली गुलाबी टोपी तशीच आणि वर पेरातून मुळ्यांच्या दाढ्या. मनीप्लांटला मेण काय, सिमेंट लावलं तरी मूळ येतं असं दिसतंय.

मग गुलाब. सगळ्यांनी आपापली काडी टेबलावर ठेवली. मी पहिली उचलली, नख लावलं. तपकिरी. दुसरी. तपकिरी, आणि आतून मऊ. मी दिवसभर केसाएवढ्या फटी भरतो, पण त्या वेळी काडी धरता येईना. बाईंनी ती माझ्या हातातून घेतली. "सरका. कापताना हात हलला तर कापड वाया." तिसरीवर त्यांनी स्वतःचं नख फिरवलं.

हिरवं! आत्या, हिरवंगार. ओलं. नुकतं झाडावरून तोडल्यासारखं.

बाईंनी ती काडी माझ्या नाकासमोर धरली, जणू मला दिसत नसावं. चौथी हिरवी. पाचवी हिरवी. दोन-चार सोडल्या तर सगळ्या जिवंत. मुळं एकीलाही नाहीत, कोंब नाही, काही नाही. पण जिवंत. बाईंनी एकेकीचं मेण कापलं, तिरकं, पेराखाली, तू सांगितलंस तसं, आणि लोक हातात माती घेऊन रांगेत उभे. मी एका खुर्चीवर बसलो आणि मला रडू यायला लागलं. कुणीतरी चहा आणून दिला, बहुतेक त्या सॉरीवाल्या आजींनी.

पण हे कसं झालं? तोंड बंद असून काड्या मेल्या कशा नाहीत? तुला काही कळतंय का?

तुझा दातोबा


२४ फेब्रुवारी

चि. दातोबा,

हे मी स्वतः लिहितेय. प्लास्टर निघालं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, तू लावून वाच.

तुझं पत्र मी दोनदा नाही, चारदा वाचलं. मग ते घेऊन नर्सरीवाल्याकडे गेले. तो कलमं बांधतो, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला म्हटलं, माझ्या भाच्याने असा असा गाढवपणा केला आणि तरी काड्या जगल्या, कशा? तो हसायलाच लागला. म्हणाला, लांबच्या गावाला काड्या पाठवायच्या असल्या की आम्ही असंच करतो. दोन्ही टोकं मेणाने बंद. मग त्या वाढत नाहीत, पण सुकतही नाहीत. पोचल्यावर कापायच्या आणि लावायच्या. पानं काढलेली असली आणि हवा थंड असली म्हणजे आठवडेच्या आठवडे टिकतात. नुसतं खालचंच बंद केलं असतं तर सुकून गेल्या असत्या, असंही म्हणाला.

म्हणजे तू अर्धवट चुकला असतास तर सगळं गेलं असतं. पूर्ण चुकलास म्हणून वाचलं. आता हे ऐकून शेफारू नकोस. पानांच्या फांद्या मेल्या त्या मेल्याच. जास्वंदीवाल्या बाईंना नवी फांदी आणून दे, आणि या वेळी हात लांब ठेव.

आणि हो, कोंब आला म्हणून लगेच नाचू नका. काडीतल्या जिवावरही कोंब येतो. दुसरी पानं आली की मग मूळ धरलं म्हणायचं. तोवर काडी उपटून बघायची नाही. तुझा काही भरवसा नाही.

मला फार सुटल्यासारखं वाटतंय रे. गुलाबाचं तर आहेच. पण तू बाईंसमोर जाऊन उभा राहिलास, ते जास्त. मी तुला बोलले खरी की मार खा, पण दोन दिवस दारात बसून पोस्टमनची वाट बघत होते.

शेजारणीला शेवट वाचून दाखवला. तिने तुझी शुद्धलेखनाची चूक काढली आणि मग डोळे पुसले.

आत्या


२० एप्रिल

ताई,

तुमची माझी ओळख नाही. मी तुमच्या भाच्याची घरमालकीण. पत्ता त्याच्याकडूनच घेतला. का हवा ते सांगितलं नाही, त्यामुळे तो सकाळपासून काळजीत आहे. राहू दे थोडा वेळ.

तुम्ही लिहिलंत तशी दुसरी पानं आली. आधी बेकरीवाल्याकडे, भट्टीची ऊब लागते म्हणून असेल. मग टॅक्सीवाल्याच्या सासूबाईंकडे. मग सगळीकडेच लागोपाठ. काही मेल्या, पण ज्या धरल्या त्या चांगल्या धरल्या. दहाएक दिवसांमागे बेकरीवाल्याकडे कळी आली. मी जाऊन बघितली. अजून मिटलेली आहे, पण कडेने रंग दिसतो. आमच्या थोरलीचाच रंग. मी तिथे दुकानात सगळ्यांसमोर रडले. ती गेली तेव्हा लोक होते, नातेवाईक होते, तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही, कारण तुम्हीही वेलाला बांधायला स्टुलावर चढणाऱ्यातल्या आहात असं ऐकलंय.

आता लिहायचं कारण. मागच्या रविवारी हे सगळे लोक माझ्या दुकानात आले. प्रत्येकाच्या हातात कुंडी. म्हणाले, बाई, यातली कुठली हवी ती घ्या, तुमचीच आहे. आजी म्हणाल्या, माझी घ्या, ती सर्वांत गुणी आहे. बेकरीवाला कळीवाली घेऊन आला होता. गिऱ्हाइकाला बसायला जागा राहिली नाही. तुमचा भाचा कोपऱ्यात उभा. त्याला वाटत होतं मी कळीवाली घेईन. मलाही तेच वाटत होतं. हात पुढे केलासुद्धा होता.

मग नाही घेतली. सगळ्यांना परत न्यायला सांगितलं. सगळे चकित. मला नीट सांगता आलं नाही तेव्हा, तुम्हाला सांगते. थोरली असताना मी त्या एका झाडाशी भांडत घरात बसले. ती गेल्यावर त्याच झाडाकडे बघत घरात बसले. आता ते घरी आणलं तर मी परत घरीच बसेन. तिकडे असलं की मला जावं लागतं. गेल्या दोन महिन्यांत मी जेवढ्या घरांत गेले तेवढी आयुष्यात गेले नव्हते. एकाकडे पाणी कमी पडतं, एकाकडे ऊन जास्त लागतं, एकीला छाटायची भीती वाटते. मी जाते, बघते, दोन शब्द सुनावते, चहा घेते. लोक वाट बघतात. थोरली असती तर म्हणाली असती, तुला हे इतक्या उशिरा सुचलं? म्हणू दे.

तुमचा भाचा बरा आहे. वेळेवर जेवतो. हल्ली माणसांशी बोलतो, कधी कधी जास्तच. त्याने मला खोटं सांगितलं, "येतं" म्हणून, त्याबद्दल मी त्याला अजून बोललेली नाही. बोलणारही नाही. खरं बोलला असता तर मीच त्याला फांदीला हात लावू दिला नसता, आणि आज काहीच उरलं नसतं.

तुमचं मनगट पूर्ण सुटलं की या इकडे. सगळी घरं फिरवून दाखवते, दोन दिवस तरी लागतील. मी दुकान बंद ठेवीन.

उद्या टॅक्सीवाल्याकडे जायचंय. त्यांच्या सासूबाईंनी जेवायला बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय.

शिंपीण